आबांच्या फियाटचे साल

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाची लेखी प्रत)



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय वाचून आपणांपैकी काहींच्या भुवया उंचावल्या असतील. कालच्या वक्त्यांनी संतवाङ्मयावर बोलावे आणि आज मी मोटारीच्या सुट्या भागांवर, हे थोडे विजोड आहे खरे. शिवाय मी यंत्रज्ञ नव्हे. बी. ए. ची पदवी घेऊन केंद्र सरकारच्या लेखापरीक्षा खात्यात शिरलो, आणि गेली तीस वर्षे दुसऱ्यांनी लिहिलेल्या आकड्यांवर लाल पेन्सिलीने खुणा करीत आलो. परंतु कार्यकारिणीने माझ्यावर जे काम सोपवले ते एका अर्थी लेखापरीक्षेचेच होते, म्हणून ते मी पत्करले.

बाहेर पटांगणात उभी असलेली काळी फियाट आपण येताना पाहिलीच असेल. आपल्या मंडळाच्या पहिल्या गणपतीची मूर्ती पन्नास वर्षांपूर्वी पॉटरी टाऊनमधून याच गाडीच्या मागल्या आसनावर बसून आली. ज्यांना आपण सारे आबा म्हणत असू त्या आपल्या संस्थापक सभासदांची ही गाडी. आबा सोलापूरचे. हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये नोकरीला लागून १९५८ साली बंगळूरला आले ते इथलेच झाले. विमानांच्या कारखान्यात आयुष्य घालवलेल्या या माणसाचा जीव मात्र या चारचाकीवर. मी बदलीवर येथे आलो त्या वर्षी विसर्जनाला हलसूरच्या तलावावर त्यांनी मला या गाडीतून नेले. वाटेत गिअर बदलण्याचा दांडा स्टिअरिंगच्या दांड्यालाच कसा जोडलेला असतो आणि तेच कसे योग्य आहे, हे त्यांनी मला सविस्तर समजावले होते.

आबा गेले. गाडी त्यांच्या कन्येकडे, आपल्या ताईंकडे आहे. जुन्या गाड्यांच्या नोंदणीसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत नवी तरतूद केली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली आणि मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी वा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्याने नोंद होणाऱ्या गाडीला 'व्हीए' ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो, आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक राखता येतो. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये आणि मुदत दहा वर्षे. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा भाड्याला लावता येत नाही. आबांच्या गाडीवर म्हैसूर राज्याच्या काळातला, 'एमवाय' अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक आहे. तो जाऊ नये अशी ताईंची साहजिकच इच्छा होती.

अडचण सालाची. मूळ नोंदणीपुस्तक कधीच हरवलेले. त्याची जी दुय्यम प्रत आहे तीत हाताने लिहिले आहे, जुलै १९६४. घरातली आठवण वेगळी. ताईंचा जन्म १९६६ चा. आबा नेहमी सांगत, 'ही आणि माझी लेक एका वर्षाच्या. कोरी करकरीत गाडी घरात आली आणि महिन्याभरात ही आली.' पुराव्याला एक छायाचित्रही आहे. झेंडूच्या माळा घातलेली गाडी, बॉनेटवर हाताच्या आधाराने बसवलेले तान्हे मूल, आणि मागे आबांच्या अक्षरात 'दसरा १९६६'. तेव्हा दुय्यम प्रत लिहिणाऱ्या कारकुनाच्या हातून चूक झाली, सहाचा चार झाला, असे सर्वांनी धरून चालले होते. चुकीच्या दुरुस्तीसाठी प्रतिज्ञापत्राचा मसुदा तयार झाला. सुवर्णमहोत्सवासाठी गाडीपुढे ठेवायची पाटीही 'फियाट, १९६६' अशी रंगवून आली. माझ्याकडून हवी होती ती फक्त एक सही. सरकारी अधिकारी म्हणून मी गाडी पाहिली आणि १९६६ चे साल मला मान्य आहे, एवढेच.

आता तीस वर्षांची सवय आड आली. न तपासता सही करणे मला जमत नाही. मी ताईंकडे आठ दिवसांची मुदत मागितली. संबंधित कचेरीत जुन्या नोंदवहीसाठी अर्ज केला. अभिलेख उपलब्ध नाही, असे एका ओळीचे उत्तर आले. मग उरला एकच साक्षीदार, तो म्हणजे गाडी.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण त्याशिवाय पुढचे ध्यानात येणार नाही. आपल्याकडील जुन्या मोडी कागदावर तारीख असते ती बहुधा शुहूर सनाची. 'सन अर्बा सबैन अलफ' असे काहीतरी लिहिलेले असते. अर्बा म्हणजे चार, सबैन म्हणजे सत्तर, अलफ म्हणजे हजार. एकूण १०७४. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन निघतो. ५९९ की ६००, हे महिन्यावर अवलंबून, कारण हे साल सूर्य मृगात गेला की सुरू होते. म्हणूनच त्याला मृगसाल म्हणत. जंत्री हाताशी नसेल तर भले भले संशोधक येथे एका वर्षाने चुकतात.

मोटारींचेही असेच आहे, आणि त्यांचीही मृगसाले असतात. अमेरिकेत गाडीचे 'मॉडेलचे साल' आदल्या वर्षीच्या उत्तरार्धातच सुरू होते. फोर्डची सुप्रसिद्ध मस्टँग गाडी मार्च १९६४ मध्ये कारखान्यातून बाहेर पडू लागली, पण कागदोपत्री ती १९६५ ची. तेव्हा एकाच गाडीला तीन साले असू शकतात : मॉडेलचे, बनावटीचे आणि नोंदणीचे. यांतले तिसरे सर्वांत बेभरवशाचे. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. त्यापूर्वीच पद्मिनीचे उत्पादन थांबलेले होते. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. तिच्या कागदावरून तिचे साल ठरवणारा पुढचा संशोधक फसणार हे निश्चित.

सुट्या भागांवरील खुणांचीही प्रत्येक कारखान्याची भाषा निराळी. फोर्डच्या भागावर 'सी ५ झेड झेड' असे आरंभी असेल, तर सी म्हणजे १९६० चे दशक, ५ म्हणजे १९६५ आणि पुढचा झेड म्हणजे मस्टँग. परंतु हे साल तो भाग आखला गेला त्याचे, घडवला गेला त्याचे नव्हे. १९६५ साली आखलेला भाग १९६७ च्या गाडीतही बसतो. घडवल्याची तारीख ओतकामावर निराळी असते. तीत महिन्याला इंग्रजी अक्षर : जानेवारीला ए, फेब्रुवारीला बी. फोर्डवाले यात 'आय' हे अक्षर गाळतात, एकच्या आकड्याशी घोटाळा नको म्हणून. जनरल मोटर्सवाले ते गाळीत नाहीत. त्यामुळे 'जे' म्हणजे एकाकडे सप्टेंबर आणि दुसऱ्याकडे ऑक्टोबर. (ही जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्या जुळवीत असे, हे आपल्यातल्या थोड्यांना आठवत असेल.) इंग्लंडच्या ट्रिप्लेक्स काचेवर नावाच्या अक्षरांभोवती बारीक ठिपके असतात. ते मोजले की वर्ष आणि तिमाही कळते. टायरवर आठवडा व वर्ष कोरलेले असते : २००० सालापासून चार आकडी, त्यापूर्वी तीन आकडी. अमेरिकेत १९८१ पासून प्रत्येक गाडीला सतरा चिन्हांचा क्रमांक आला आणि त्यातले दहावे चिन्ह सालाचे ठरले. तेव्हापासून या शोधातली गंमतच संपली म्हणायची.

आपल्या फियाटकडे येतो. शेठ वालचंद हिराचंद हेही सोलापूरचे. म्हैसूर सरकारच्या साहाय्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना उभारणारे तेच, आणि १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापून पुढे कुर्ल्याला मोटारी काढणारेही तेच. आबांचे पोट वालचंदांनी काढलेल्या एका कारखान्यावर आणि मन दुसऱ्यावर, असे ते स्वतःच थट्टेने म्हणत. प्रीमियरने आरंभी अमेरिकन डॉज व प्लिमथ गाड्या जुळवल्या. पुढे इटलीच्या फियाटशी संबंध जडला आणि १९५४ साली फियाट ११०० आली. हीच ती गोलमटोल, जिला आपण पुण्या-मुंबईकडे 'डुक्कर फियाट' म्हणत असू. तिच्यात फेरफार होत होत १९६४ साली चौकोनी चेहऱ्याची 'डिलाइट' निघाली. तीच पुढे 'प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ पासून 'पद्मिनी'. इटलीत याच ठेवणीच्या गाडीला १२२१ घनसेंटिमीटरचे इंजिन होते, आपल्याकडे मात्र जुने १०८९ चेच राहिले. म्हणून इटलीची पुस्तके येथे फारशी उपयोगी पडत नाहीत. आबांची गाडी डिलाइट आहे, याबद्दल वाद नाही. ती १९६४ पूर्वीची असूच शकत नाही. पण डिलाइट बाहेरून वर्षानुवर्षे जवळजवळ तशीच राहिली. १९६४ ची आणि १९६६ ची यांत नुसत्या नजरेने फरक करणे माझ्या आवाक्याबाहेरचे होते.

म्हणून मी शिवाजीनगरच्या गुजरीतील एका उस्तादांना गाठले. जुन्या फियाटी उघडण्यात त्यांची चाळीस वर्षे गेली आहेत. एका रविवारी सकाळी ते, मी, ताई आणि एक विजेरी, असे आम्ही बॉनेटखाली वाकलो.

पहिल्या तासात माझा उत्साह बराच मावळला. स्पार्क प्लग मायकोचे. म्हणजे आपल्या आडुगोडीचे. १९५१ साली स्थापन झालेली ही कंपनी २००८ पासून बॉश नावाने ओळखली जाते. परंतु प्लग ही बदलण्याचीच वस्तू, तिच्यावरून गाडीचे वय काढणे म्हणजे अंगातल्या सदऱ्यावरून माणसाचे वय काढण्यासारखे. टायर नवे. पुढची काच नवी. बॅटरीचे तर बोलायलाच नको.

मग उस्तादांनी डायनॅमोवरची काजळी रॉकेलच्या फडक्याने पुसली. लुकास-टीव्हीएस हे नाव दिसले. ही मद्रासजवळ पाडी येथील कंपनी १९६१ साली स्थापन झाली, तेव्हा नुसते नावही एक खालची मर्यादा सांगते. लुकासच्या विजेच्या भागांवर मात्र नावाखेरीज दोन लहान आकडे ठोकलेले असतात. जुन्या रीतीत पहिला आकडा महिन्याचा आणि दुसरा वर्षाचा, नंतरच्या रीतीत पहिला आठवड्याचा. पहिला आकडा बारापेक्षा मोठा असला तर तो आठवडा हे उघड आहे. बाराच्या आत असला तर संशय राहतो. डायनॅमोवर होते, २ ६४. डिस्ट्रिब्यूटरवर ३ ६४. स्टार्टर काढायला वेळ लागला, त्यावर ४ ६४. वायपरच्या मोटरवर पुन्हा ३ ६४. आणि ज्याला गॅरेजमध्ये 'कटआउट' म्हणतात त्या रेग्युलेटरवर ३१ ७१.

रेग्युलेटर पाहून ताईंचा चेहरा उजळला. 'बघा, एकाहत्तर! म्हणजे या आकड्यांना काही अर्थ नाही.' उस्तादांनी स्क्रूवर विजेरी धरली. 'नैं अम्मा, ये स्क्रू देखो, ये कंपनी का नैं.' खरोखरच रेग्युलेटरचे दोन्ही स्क्रू निराळे होते आणि त्याच्यामागे पत्र्यावर आधीच्या, थोड्या मोठ्या पेटीची सावली रंगात उमटलेली होती. तो भाग १९७१ नंतर केव्हातरी बदललेला. याउलट डायनॅमोच्या पट्टीवर आणि वायपरच्या मोटरच्या बुडाशी कारखान्यातला मूळ रंग अभंग होता. ती जागा कोणी कधी सोडवलीच नव्हती.

हिशेब असा. बदललेला भाग गाडीविषयी काही सांगत नाही, तो फक्त दुरुस्तीविषयी सांगतो. मूळच्या भागांतला जो सर्वांत अलीकडचा, त्याच्या तारखेपूर्वी गाडी पुरी झालेली असू शकत नाही. येथे तो स्टार्टर. आकडे महिन्यांचे धरले तर एप्रिल १९६४, आठवड्यांचे धरले तर त्याच वर्षाचा जानेवारी. वरची मर्यादा अशी काटेकोर निघत नाही, कारण भाग फडताळात पडून राहू शकतो. पण ज्या काळात नव्या गाडीसाठी लोक वर्षानुवर्षे नाव नोंदवून बसत, त्या काळात चार निरनिराळे भाग कुर्ल्याच्या कारखान्यात दोन वर्षे धूळ खात पडले आणि नेमके एकाच गाडीत बसले, हे संभवत नाही. एप्रिलमध्ये घडलेला स्टार्टर आणि जुलैमध्ये नोंदलेली गाडी, हे मात्र चपखल बसते. कारकुनाने चूक केली नव्हती. गाडी १९६४ ची होती.

मग छायाचित्र खोटे का? मुळीच नाही. गाडी १९६६ साली आबांच्या दारात होतीच. दोन्ही पुरावे खरे मानले तर एकच मार्ग उरतो. आबांनी ती दुसऱ्या कोणाकडून घेतली होती.

ही गोष्ट ताईंना सांगणे माझ्या जिवावर आले. खात्यात आक्षेप काढताना समोर फाइल असते, येथे समोर मुलगी होती आणि विषय तिच्या वडिलांच्या शब्दाचा. मी शक्य तितक्या सौम्य शब्दांत हिशेब मांडला. १९५९ च्या मोटारगाड्यांच्या वितरण व विक्री नियंत्रण आदेशाखाली नवी गाडी घेणाऱ्याला ती ठरावीक मुदतीच्या आत परवानगीवाचून विकता येत नसे, म्हणून दोन वर्षांच्या गाड्या तेव्हा बाजारात येत, हेही सांगितले. अशा गाडीला त्या टंचाईत चांगली किंमत पडे आणि ती मिळणे हेही भाग्य समजले जाई, हेही सांगितले. ताई बराच वेळ बोलल्या नाहीत. फडक्याने हात पुशीत राहिल्या. प्रतिज्ञापत्राचा मसुदा तेथेच स्वयंपाकघराच्या ओट्यावर होता. मनात आले, पन्नास वर्षे उलटण्याची अट १९६४ नेही पुरी होते आणि १९६६ नेही. कोणाचे काय बिघडणार आहे? तरीही ती सही माझ्याने झाली नसती.

शेवटी ताईच म्हणाल्या, 'आई एकदा बोलून गेली होती. गाडी आली तेव्हा गाद्यांना अत्तराचा वास होता. आपल्याकडे अत्तर कोण लावतं? बाबा चिडले होते तिच्यावर. मला वाटलं, ती काहीतरीच बोलते.'

हे वाक्य आपल्यापुढे सांगण्याची परवानगी त्यांनी मला आपण होऊन दिली आहे.

आबा खोटे बोलले, असे मला वाटत नाही. निदान तसे म्हणण्याचा अधिकार मला नाही. परगावी भाड्याच्या घरात राहणारा तरुण अभियंता, घरात पहिले मूल येऊ घातलेले, सोलापूरला पत्र धाडायचे. त्या पत्रात 'गाडी घेतली' असे लिहिले जाते, 'जुनी घेतली' असे लिहिले जात नाही. पुढे त्या पत्राचीच आठवण होऊन बसते. आपणही इथल्या आपल्या पहिल्या घराविषयी गावाकडे काय काय लिहिले होते, ते ज्याचे त्याने आठवावे.

आणखी एक गोष्ट या तपासात निघाली, ती ताईंना आवडली. डिलाइट निघाली १९६४ साली आणि ही गाडी त्याच वर्षीच्या जुलैमध्ये नोंदलेली. म्हणजे ती त्या जातीच्या आरंभीच्या गाड्यांपैकी आहे. १९६६ ची असती तर हा मान तिला मिळाला नसता. उस्तादांनी हे ऐकताच गाडीचा भाव मनातल्या मनात वाढवलेला मला स्पष्ट दिसला. जाता जाता त्यांनी 'कभी बेचना हो तो' असे म्हणून ठेवलेच. ताईंनी त्यांना चहा दिला, उत्तर दिले नाही.

प्रतिज्ञापत्र रद्द झाले. नोंदणीचा अर्ज १९६४ च्याच सालाने गेला आहे, क्रमांक जुनाच मागितला आहे. कार्यकारिणीने पाटी नव्याने रंगवून घेतली, तिचा साडेतीनशे रुपयांचा जादा खर्च कोषाध्यक्षांनी माझ्याकडे पाहत मंजूर केला. पाटीवर आता दोन ओळी आहेत : 'फियाट डिलाइट, बनावट १९६४' आणि त्याखाली 'आबांच्या घरी १९६६ पासून'. दुसरी ओळ ताईंनी घातली.

एक विनंती करून थांबतो. पहिल्या गणपतीची मूर्ती गाडीतून उतरवतानाचे छायाचित्र मंडळाच्या दप्तरात नाही. कोणाच्या घरी असेल आणि त्यात गाडीचा मागचा भाग दिसत असेल, तर कृपया दाखवावे. मागच्या दिव्यांची काच मूळची की बदललेली, हे अजून ठरलेले नाही. गाडीचे बॉनेट आज रात्री साडेआठपर्यंत उघडे ठेवण्यास ताईंनी संमती दिली आहे. डायनॅमोवरचे आकडे डाव्या बाजूने वाकून पाहावे लागतात. विजेरी माझ्याजवळ आहे. मुलांनी स्टिअरिंगला हात लावला तरी चालेल, पण भोंगा वाजवू नये. तो मूळचा आहे.